तिचं एकुलतं एक वाक्य

२०१८ च्या जूनमध्ये बीबीसीच्या विनोदी कार्यक्रमांचे तेव्हाचे प्रमुख शेन ॲलन म्हणाले की आज नवा चमू जमवायचा झाला, तर तो ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या सहा गोऱ्या पुरुषांचा नसेल. बोलण्याचा रोख सहा जणांनी लिहिलेल्या आणि साकारलेल्या 'मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस' या बीबीसीच्या जुन्या विनोदी मालिकेवर होता. त्या सहांपैकी टेरी गिलियम भडकले आणि यापुढे मी स्वतःला कृष्णवर्णीय लेस्बियन म्हणवून घेणार, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. तेव्हापासून हा वाद घाण्याच्या बैलासारखा फिरतो आहे. एक बाजू डोकी मोजते, दुसरी 'विनोदाला बंधनं घालू नका' म्हणून ओरडते. मालिकेत बायका प्रत्यक्षात काय करतात, कोण बोलतं आणि कोण नुसतं उभं राहतं, हे पाहायची तसदी दोघांपैकी कुणीच घेत नाही.

माझं म्हणणं असं. पुरुषांनी बायकांची सोंगं घेतली, हा या मालिकेचा दोष नाही. बायकांची टिंगल झाली, हाही नाही. ज्या जगात पोपट मेला आहे की झोपला आहे यावर पाच मिनिटं भांडता येतं, जिथे विचित्र चालींचं मंत्रालय असतं, त्या जगात वेडेपणा करायची मुभा मात्र पुरुषांपुरती राखून ठेवली, हा दोष आहे. पंचेचाळीस भागांत या लोकांनी वाक्यरचना मोडली, शेवट मोडले, श्रेयनामावली भलत्याच जागी टाकली. एकच नियम शाबूत राहिला: सुंदर तरुण बाईने सुंदर दिसावं आणि गप्प बसावं. ज्यांनी काहीच पवित्र मानलं नाही त्यांनी नेमकं हेच पवित्र मानलं, म्हणून त्यांच्या कलेबद्दल तक्रार करायला हवी.

आधी मालिकेतल्या 'पेपरपॉट' बायका नीट पाहू. ५ ऑक्टोबर १९६९ ला बीबीसीवर मालिका सुरू झाली आणि जवळजवळ पहिल्यापासून या बायका तिच्यात आहेत. बेढब कोट, डोक्यावर घट्ट बसवलेली हॅट, हाताच्या कोपरात अडकवलेली पर्स, जाड मोजे. जेवणाच्या टेबलावरच्या मिरपुडीच्या बुटक्या डबीसारखा आकार, म्हणून ते नाव. ग्रॅहॅम चॅपमन, जॉन क्लीज, एरिक आयडल, मायकेल पेलिन हे सगळेच त्या साकारत. टेरी जोन्स सर्वांत जास्त. आणि या बायका नुसत्या कजाग नाहीत, हे विरोधकांनी मान्य करायला हवं. १९७२ च्या एका भागात मिसेस प्रिमिस आणि मिसेस कन्क्लूजन कपडे धुवायच्या सार्वजनिक दुकानात बसलेल्या असतात. विषय निघतो पाळलेला छोटा पोपट कसा मारावा याचा. तिथून गाडी फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रच्या स्वातंत्र्यावरच्या कादंबऱ्यांवर घसरते, दोघींचं पटत नाही, आणि त्या सरळ पॅरिसला जाऊन सार्त्रलाच विचारतात. पोपट आणि अस्तित्ववाद एकाच दमात, एकाच चिरक्या आवाजात. मध्यमवयीन कामगारवर्गीय बाईला तत्त्वज्ञानाचा इतका सहज अधिकार तेव्हाच्या ब्रिटिश टीव्हीवर दुसरं कोण देत होतं?

पण तो चिरका आवाज जरा जवळून ऐका. पुरुष आपल्या आवाजाच्या वरच्या टोकाला जाऊन बोलतो, तेव्हा त्याला एकच पट्टी मिळते. आवाज खाली आणला की सोंग उघडं पडतं, हळू बोललं की फाटतो. म्हणजे ही बाई ओरडू शकते, वाद घालू शकते, तिला धक्का बसू शकतो. तिला संकोच करता येत नाही, मनातलं अर्धवट बोलता येत नाही, शांतपणे चिडता येत नाही. दोन-तीन मिनिटांच्या स्किटमध्ये हे खपून जातं. पण तीच तऱ्हा पाच वर्षं वापरल्यावर बाईच्या तोंडी जाऊ शकणाऱ्या भावनांची यादीच आखडते. सोंगाचं तंत्रच मजकुराला मर्यादा घालतं. लेखक कितीही हुशार असला तरी त्या पट्टीबाहेरचं वाक्य तो लिहितच नाही, कारण ते म्हणायला त्याच्याकडे माणूस नसतो.

आता कॅरल क्लीव्हलंड. लंडनच्या 'राडा' या नामवंत नाट्यशाळेत शिकलेली अभिनेत्री. पंचेचाळीसपैकी तीस भागांत ती आहे, सहा जणांनंतर सर्वांत जास्त दिसणारा चेहरा तिचाच. ७ डिसेंबर १९६९ च्या भागात पलंगखरेदीचं स्किट आहे. नवं लग्न झालेलं जोडपं दुकानात येतं. तिथला एक विक्रेता प्रत्येक आकडा दहापटीने फुगवून सांगतो, दुसऱ्याचा आकडा तिप्पट करून घ्यावा लागतो. त्या दुसऱ्यासमोर 'गादी' हा शब्द उच्चारायचा नाही, 'कुत्र्याचं घर' म्हणायचं. कुणी 'गादी' म्हटलं की तो डोक्यावर कागदी पिशवी ओढून घेतो. मग चहाच्या खोक्यात उभं राहून 'जेरुसलेम' हे स्तोत्र म्हटल्याशिवाय पिशवी निघत नाही. नवरा घोटाळतो, विक्रेते धावतात, गाणं होतं, पुन्हा घोटाळा, पुन्हा गाणं. क्लीव्हलंड हा सगळा वेळ बाजूला उभी आहे. अगदी शेवटी ती तोंड उघडते आणि म्हणते, 'गादी'. सगळे तिच्यावर तुटून पडतात, आणि ती कळवळून सांगते की पण मला तेवढं एकच वाक्य होतं!

हसू येतंच. समर्थक इथे बोट ठेवून म्हणतात, बघा, त्यांना सगळं कळत होतं, ते स्वतःवरच हसत होते. कळत होतं, हे मान्य. पण मग पुढे काय झालं? त्या भागानंतर आणखी सदतीस भाग झाले. तिच्या वाट्याचा मजकूर त्या प्रमाणात वाढला का? आपली चूक ओळखून तिचा विनोद करणं आणि ती दुरुस्त करणं यांत अंतर आहे, आणि विनोद चांगला जमला की दुरुस्तीची निकड उलट कमी होते. तमाशातली गवळण माहीत असलेल्या मराठी वाचकाला ही वाटणी ओळखीची वाटेल. तिथे मावशी होतो पुरुष. टोमणे, द्व्यर्थी बोल, कृष्णाशी आणि पेंद्याशी हुज्जत, सगळा शब्दांचा खेळ त्या मावशीकडे, आणि गवळणी मुरडत उभ्या. तरी आपल्या फडावर पुढे लावणी येते, आणि तिथे बाई गाते, नजरेने बोलते, समोरच्याला खेळवते. विठाबाई नारायणगावकरांसारखी कलावती तर फडाची मालकीण होती. पायथनच्या फडावर मावशी होती आणि लावणी नव्हती.

'काळच तसा होता' हे उत्तर मला सर्वांत दुबळं वाटतं, तरी तेच सर्वांत जास्त ऐकू येतं. कुठला काळ? बालगंधर्वांनी स्त्री-भूमिका केल्या तेव्हा कुलीन घरातली बाई रंगभूमीवर येणं जवळपास अशक्य होतं. त्यामागे सामाजिक अडसर होता, आणि तो दूर होत गेला तशी ती रीतही ओसरली. इंग्लंडात व्यावसायिक रंगभूमीवर बायका १६६० पासून उभ्या आहेत. म्हणजे मिसेस प्रिमिस कपडे धुवायला बसली त्याच्या तीनशे वर्षं आधीपासून. क्लीज आणि चॅपमन यांना लुगडी नेसायची सक्ती कुणी केली नव्हती, ती निवड होती. सोंगाची परंपरा होती, हे खरं. ख्रिसमसच्या 'पँटोमाइम' या गाण्या-विनोदाच्या नाटकांतली 'डेम' ही पुरुषाने केलेली बाई, १८९२ चा 'चार्लीज आंट' हा फार्स, ज्यावर अत्र्यांनी 'मोरूची मावशी' बेतलं. पण त्या फार्समध्ये नाटकातली पात्रं फसतात आणि प्रेक्षकाला माहीत असतं की आत पुरुष आहे. सगळी गंमत त्या उघडं पडण्याच्या भीतीची. पायथनमध्ये भीती नाही, उघडं पडणं नाही. त्या जगात ती बाईच आहे. म्हणजे परंपरेतून पोशाख घेतला आणि तो पोशाख घालायचं कारण मागे ठेवलं.

विक्षिप्त विनोदाच्या वंशावळीत याचं मूळ सापडतं, आणि ती वंशावळ आपल्या दारावरून जाते. स्पाइक मिलिगन १९१८ साली तेव्हाच्या अहमदनगरात जन्मला, पुण्याच्या लष्करी वस्तीत वाढला. रेडिओवरच्या 'द गून शो'मधली म्हातारी मिनी बॅनिस्टर त्याच्याच आवाजात बोलायची. १९५१ ते १९६० चा तो कार्यक्रम ऐकत पायथनची मुलं मोठी झाली. रेडिओवर आवाजाशिवाय काही नसतं, त्यामुळे पुरुषाने म्हातारीचा आवाज काढणं तिथे शुद्ध कसब होतं. टीव्हीवर शरीर आलं. शरीर आल्यावर जुना हिशोब नव्याने मांडायला हवा होता. तो मांडला गेला नाही.

आणि माणसं नव्हती म्हणावं, तर तेही खरं नाही. पायथनच्या आधी हे लोक दोन वेगळ्या कार्यक्रमांत होते. क्लीज आणि चॅपमन 'ॲट लास्ट द १९४८ शो'मध्ये. तिथे एमी मॅक्डोनाल्ड होती, आणि तिचं काम म्हणजे गोड हसून 'लाडकी एमी' म्हणून स्किटांच्या मधल्या फटी बुजवणं. पेलिन, जोन्स आणि आयडल 'डू नॉट ॲडजस्ट युवर सेट'मध्ये. तिथे होती डेनीझ कॉफी. बुटकी, धारदार, टायमिंग अचूक असलेली विनोदी अभिनेत्री. डेव्हिड जेसनच्या कॅप्टन फँटॅस्टिकसमोर खलनायिका मिसेस ब्लॅक तीच होती. तो कार्यक्रम मे १९६९ मध्ये संपला आणि ऑक्टोबरात पायथन सुरू झालं. म्हणजे सहांपैकी तिघांना बाईबरोबर विक्षिप्त विनोद करायची पक्की सवय होती, आणि ती सवय जेमतेम पाच महिने जुनी होती. नव्या घरात दोन्हीकडची भांडीकुंडी आली. एमीची जागा आली, कॉफीची आली नाही. पायथनबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे, पण हा साधा तपशील वादात कधी येताना दिसत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

विरोधी बाजूचा सर्वांत जोरकस मुद्दा मात्र वेगळा आहे, आणि तो पूर्ण मानायला हवा. या मालिकेत खरी फजिती होते ती पुरुषाची. न्यायाधीश, कर्नल, बँकर, टीव्हीवरचा निवेदक, सगळे पुरुष आणि सगळे पोकळ. 'नज नज'मध्ये पबमधला एक इसम शेजारच्या गृहस्थाला बायकोवरून डोळे मिचकावत, कोपर ढोसत चावट इशारे करत राहतो. ती बायको एकदाही दिसत नाही. शेवटी कळतं की इशारे करणाऱ्यालाच शरीरसंबंधाचा काडीचा अनुभव नाही, आणि तो बापडा 'कसं असतं हो?' म्हणून विचारतो. पुरुषी फुशारकीला लावलेली इतकी नेमकी टाचणी क्वचित सापडेल. बाई पडद्यावर नसूनही हे स्किट बाईच्या बाजूचं आहे.

पण पुरुषाची फजिती झाली म्हणजे बाईला न्याय मिळाला, असं होत नाही. १२ ऑक्टोबर १९६९ चं विवाह-सल्लागाराचं स्किट घ्या. आर्थर प्यूटी हा मुखदुर्बळ गृहस्थ बायकोला घेऊन सल्लागाराकडे येतो. सल्लागार पहिल्या नजरेत तिच्यावर लट्टू. नवरा तक्रारीचं पाल्हाळ लावतो तोवर दोघं पडद्यामागे जातात आणि पडद्यावरून एकेक कपडा येऊन पडतो. नवऱ्याला बाहेर जायला सांगतात, तो जातो. बाहेर त्याला एक गूढ माणूस भेटतो, मर्दासारखा उभा राहा म्हणून सांगतो. तो छाती काढून परत येतो, पुन्हा 'निघा' ऐकतो आणि निमूट निघतो. वर चिलखतातला सरदार येऊन डोक्यात कोंबडी हाणतो. पेलिनने तो भित्रेपणा इतका हळुवार केला आहे की हसताना आत कुठेतरी टोचतं.

आता डिअड्राकडे बघा, म्हणजे त्या बायकोकडे. क्लीव्हलंडच. तिचं नावसुद्धा नवरा सांगतो. ती का आली आहे, तिला नवऱ्यात काय खुपतं, त्या सल्लागाराचं तिला काय आवडलं, काहीच कळत नाही. आणि तारीख विसरू नका. त्याच ऑक्टोबरात ब्रिटिश संसदेने घटस्फोट सुधारणा कायदा मंजूर केला. तोवर घटस्फोटासाठी जोडीदाराचा दोष सिद्ध करावा लागे, जसं व्यभिचार किंवा क्रौर्य. नव्या कायद्याने 'संसार कायमचा मोडला आहे' हेच घटस्फोटाचं कारण मानलं. १९७१ च्या जानेवारीत तो लागू झाला. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्या वर्षी सुमारे ७४ हजार घटस्फोट झाले, पुढच्या वर्षी १ लाख १९ हजार. इतक्या हजारो डिअड्रा घरोघरी बसून काहीतरी ठरवत होत्या. त्यांचं म्हणणं वकिलांनी ऐकलं, न्यायाधीशांनी ऐकलं. देशातल्या सर्वांत धाडसी विनोदी मालिकेला मात्र त्या पडद्यामागे काय बोलतात हे ऐकावंसं वाटलं नाही. विनोदाने समाजशास्त्र करावं असं मी म्हणत नाही. त्या स्किटमध्ये नवऱ्याला मन आहे, सल्लागाराला वासना आहे, कोंबडीवाल्या सरदारालासुद्धा काम आहे. तिला काय आहे?

पुढच्या वर्षी हे अंतर आणखी डोळ्यांत भरतं. २० नोव्हेंबर १९७० ला लंडनच्या रॉयल ॲल्बर्ट हॉलमध्ये मिस वर्ल्ड स्पर्धा चालू असताना स्त्रीमुक्तीवाल्या कार्यकर्त्यांनी सभागृहात पिठाच्या पिशव्या फेकल्या. अकरा दिवसांनी, १ डिसेंबरला, पायथनचा 'स्कॉट ऑफ द अंटार्क्टिक' भाग लागला. चित्रण आधीच झालं होतं, त्यामुळे याला उत्तर म्हणता येणार नाही. भागात सिनेमावाल्यांची टर आहे. नायकाला सिंहाशी झुंज हवी असते आणि ध्रुवावर सिंह नसतात, म्हणून दक्षिण ध्रुवाची कथा सहारात नेतात, मोहिमेत एक बाई घुसवतात. ती पळते आणि निवडुंगाला अडकून तिचे कपडे एकेक करून फाटत जातात. बाजारू सिनेमा बाईला असं वापरतो, हा त्यातला उपहास. बरोबर आहे. पण कॅमेऱ्याने टिपलं तेच दृश्य, जे बाजारू सिनेमाने टिपलं असतं. ज्याची नक्कल करायची तेच जसंच्या तसं दाखवावं लागत असेल, तर उपहासाचा हक्क आणि मूळ मालाचा फायदा, दोन्ही एकाच हाताने घेतलेले असतात.

आणि तरी याच लोकांनी त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १५ डिसेंबर १९७० ला, नवराबायकोच्या नात्यावरचं माझ्या मते टीव्हीवरचं सर्वांत खरं स्किट दाखवलं. 'स्पॅम'. आज नको असलेल्या ईमेलला आपण स्पॅम म्हणतो, तो शब्द इथूनच आला. पण त्यातली बाई सगळे विसरले. मिस्टर आणि मिसेस बन हॉटेलात येतात. स्पॅम म्हणजे डबाबंद मांस, आणि ते प्रत्येक पदार्थात आहे. मिसेस बन, म्हणजे चॅपमन, म्हणते मला स्पॅम नको. वाढणारी म्हणते, अमुक पदार्थात फारसं नाही. ती म्हणते, मला अजिबातच नको. नवरा मध्ये पडतो आणि हिशोब सुरू करतो की या पदार्थात त्या पदार्थापेक्षा कमी आहे ना, मग चालवून घे. शेवटी तो हलकेच म्हणतो, उगाच तमाशा नको, तुझं स्पॅम मी खाईन, मला आवडतं. आणि शेजारच्या टेबलावरचे व्हायकिंग योद्धे स्पॅमचं गाणं वाढवत नेतात, इतकं की तिचा नकार बुडून जातो. 'नको' आणि 'थोडं कमी' यांतला फरक बाई सांगते आहे आणि तो कुणालाच कळत नाही. लग्नाबद्दल यापेक्षा अचूक काय लिहिणार?

हे स्किट मिसेस बनच्या जागी खरी अभिनेत्री घालून मनात पुन्हा चालवून पाहा. एक अक्षर बदलावं लागत नाही. उलट जिथे चॅपमनला किंचाळावं लागतं तिथे तिला आवाज खाली आणता येतो. तिसऱ्यांदा 'नको' म्हणताना ती हळू बोलू शकते, आणि ते हळू बोलणं व्हायकिंगांच्या कोरससमोर किती भेदक झालं असतं! मला पायथनमधून एखादा विनोद काढून टाकायचा नाही, तिथे असायला हवे होते ते आणखी विनोद मागायचे आहेत.

ते लिहिले का गेले नाहीत याचं उत्तर लेखनाच्या पद्धतीत आहे. क्लीज आणि चॅपमन जोडीने लिहीत, पेलिन आणि जोन्स जोडीने, आयडल एकटा, गिलियम कात्रणांची चलच्चित्रं करी. मग सगळे एकत्र बसून वाचत. बाकीचे हसले तर स्किट राहणार, नाहीतर कचऱ्यात. उत्तम पद्धत, दर्जा राखणारी. पण चाळणीची भोकं म्हणजे त्या सहा जणांचं हसू, आणि लिहिणारा आधी स्वतःसाठी भाग लिहिणार. त्या टेबलाशी बसलेल्याला वेडेपणा मिळतो, बोलावून आणलेल्याला एक वाक्य.

टेबल बदललं की काय होतं, याचा पुरावा क्लीजच्याच घरातला आहे. कॉनी बूथ तेव्हा त्याची बायको. १९६९ च्या डिसेंबरात लाकूडतोड्याच्या गाण्यात ती लाकूडतोड्या झालेल्या पेलिनला प्रेयसीच्या वेशात बिलगून उभी आहे. तो बायकी कपड्यांची आवड कबूल करतो तेव्हा तिला रडू कोसळतं आणि काम संपतं. १९७५ साली तीच बाई क्लीजबरोबर 'फॉल्टी टॉवर्स' ही हॉटेल चालवणाऱ्या नवराबायकोवरची मालिका लिहिते. त्याच्या बारा भागांतली सिबिल फॉल्टी फोनवर तासन्‌तास बोलते, हिशोब चोख ठेवते, नवऱ्याला एका हाकेत जागेवर खिळवते. हॉटेल चालतं ते तिच्यामुळे. तो निखळ फार्स, विक्षिप्त विनोद नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. मग 'स्पेस्ड' पाहा. चॅनल फोरवर १९९९ आणि २००१ मध्ये त्याचे चौदा भाग आले. लेखन सायमन पेग आणि जेसिका स्टीव्हन्सन यांचं, निम्मंनिम्मं. टिम आणि डेझी नुकतेच ओळखीचे झालेले, भाड्याच्या घरासाठी नवराबायको असल्याची थाप मारतात. दोघांच्याही डोक्यातला कल्लोळ थेट पडद्यावर येतो. डेझी लेखिका आहे आणि न लिहिण्यासाठी वाटेल ते करते. तिला हॉटेलच्या मुदपाकखान्यात भांडी घासायचं काम लागतं, तर ती जागा बघता बघता वेड्यांचं इस्पितळ होते, वरिष्ठ बाई करड्या परिचारिकेसारखी वागू लागते आणि डेझी बंडखोर रुग्ण. ती तिथे शहाणी नाही, सुंदर दिसायला आलेली नाही, कुणाला समजूतही घालत नाही. डोक्यावर कागदी पिशवी ओढून घेणाऱ्या त्या विक्रेत्याइतकीच ती बेभान आहे.